दोघींचं एक नाव

सास्तूरच्या शाळेत आमच्या एका वर्गात चार सुनीता होत्या. एक लांबडी, एक टेलरची, एक चष्मेवाली आणि मी ‘माघारी आलेली’. तेव्हा हे नाव गल्लोगल्ली होतं, आता पाळण्यातल्या पोरीला कुणी ठेवत नाही. मराठीच्या बाईंनी अर्थ सांगितला होता, चांगल्या वळणाची. बाकीच्या तिघींनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मी कशाला लिहू? ते नाव माझ्यासाठी ठेवलेलंच नव्हतं.

ते थोरल्या बहिणीचं. आत्यानं रेडिओवर ऐकून तिला ठेवलेलं. सहा वर्षांची असताना ती भूकंपात घराखाली गेली. आईचं पोरं बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं होतं, ते डॉक्टरांकडून उलटं करून घेतलं आणि मग मी झाले. “आली बाई माझी सुनीता,” म्हणत आईनं तेच नाव परत ठेवलं. गावात आणखीही घरांत असं झालं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

गावच्या स्मारकाच्या दगडावर नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं माझंच कोरलंय. वाचता यायला लागलं तेव्हा वाचलं. काहीच वाटलं नाही. घरी येऊन भाकरी खाल्ली.

तिला शेंगा आवडायच्या, म्हणून आई मला डबाभर शेंगा द्यायची. मला त्यानं पित्त व्हायचं. “अगं, तुला तर लई आवडतात की!” आई म्हणायची. कोण वाद घालत बसणार? मी मुकाट खायची.

आता मी उमरग्यात नांदते. पहिला मुलगा, त्यामुळं त्याच्या बारशाला हा प्रश्नच आला नाही. यंदा मुलगी झाली. आई सकाळच्या एसटीनं आली ती कुंची, अंगडं आणि नाव घेऊनच. माझ्या नणंदेला, म्हणजे बाळाच्या आत्याला, बाजूला घेऊन सांगून मोकळी, “कानात सुनीताच म्हणा.”

बाया जमल्या. नणंद पाळण्यावर वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ते नाव न्हाय ठेवायचं.”

जन्मात पहिल्यांदा मी आईला नाही म्हणाले होते.

“मग माझ्या त्या लेकीला हाक कुणी मारायची?” आई म्हणाली.

“आन् मला? मला कधी मारलीस गं?”

नणंद शहाणी. तिनं मोबाईलवर बघून ठेवलेलं दुसरंच नाव पोरीच्या कानात सांगितलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. आई जेवली न जेवली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नुसतं बधिर झालं होतं.

संध्याकाळी पिशवी घेऊन आई दारात उभी राहिली. “सुनीते...”

मी पोरीला पाजत होते. ऐकू आलं, पण ओ दिली नाही. आईनं चप्पल घातली, परत काढली, आत येऊन माझ्यापुढं बसली. नवीनच माणूस भेटल्यासारखी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“धाकटे,” ती म्हणाली. हा शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. “जाऊ का गं मी?”

“ऱ्हा की आजच्या दिस,” मी म्हणाले, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.