मान्य झालेली हरकत

लिफाफ्यावरची लाख वितळल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. पैनगंगेपलीकडच्या राज्यात वीज नेण्याकरिता तारांची लाइन आखली जात होती, आणि मोजणीवाल्यांनी नदीकाठच्या एका तांड्याच्या शेतांत लाल निशाणांच्या खुंट्या ठोकल्या होत्या. तांड्याचे वृद्ध नाईक कचेरीसमोर माझ्या चटईवर येऊन बसले. "मुन्शीजी, लाइन आमच्याच तांड्यावरून न्या, असा अर्ज लिहा. साहेब म्हने, लाइन जाईन त्या गावात दिवे लागतीन." मी त्यांना समजावले की, मागणाऱ्याकडे सरकार पाहत नाही, आपण हरकत घ्यावी, म्हणजे सरकार स्वतः विनवण्यास येते आणि दिवेही देते. "उलटं त नाही ना होनार?" "नाईक, कायदा मी जाणतो की तुम्ही?" त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा उठवला. मी चार पानांची हरकत लिहिली, तीत पूर्वजांची भूमी, गोधन, धर्म, काहीही सोडले नाही, आणि लिफाफ्यावर लाख लावून ती कचेरीत दिली. साहेबांनी ती वाचून माझ्या भाषेची प्रशंसा केली, आणि त्याच आठवड्यात खुंट्या उपटून शेजारच्या गावी नेल्या. नाईक पुन्हा आले, पण बसले नाहीत. "लिहलं त मोठं साजरं, मुन्शीजी. पन आमी मांगलं काय होतं?" आता शेजारच्या गावात दिवे आहेत. तुमची एखादी हरकत सरकारने कधी मान्य केली काय, असे पक्षकार आजही विचारतात. मी होय म्हणतो. कोणती, ते सांगत नाही.