अस्वलाचा केस

आमच्या घरात भित्र्या माणसांना तोटा नाही, त्यामुळे किश्श्यांनाही नाही. केळीच्या बुंध्याला पिलं फुटावीत तसं आहे; एक किस्सा काढावा, तर शेजारी चार उभे! सगळ्यांत भित्रा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाहीच.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ कुवेतहून सुट्टीला आला. बरोबर वहिनी आणि सात वर्षांची सोनल. दादा तिकडे एका कंपनीत फोरमन होता. यावलजवळच्या आमच्या गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याने विहिरीचं पाणी उकळायला लावलं. एकदा नाही, तीनदा! नाना, म्हणजे आमचे वडील, शांतपणे बघत होते. म्हणाले, "याच पाण्यावर तू दहावी पास झाला."

दादाने तरी फ्लास्क सोडला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याच्या मांडीवर फ्लास्क.

*

सोनलचं तर विचारूच नका. म्हशीला घाबरायची, पालीला घाबरायची, कडबा सळसळला तरी वहिनीच्या पदराआड. एकदा एका कोंबडीने तिच्याकडे नुसतं वळून पाहिलं, तर पोरगी खाटेवर चढून बसली. जेवणही तिथेच झालं.

नानांनी औषध काढलं. पूर्वी आमच्याकडे दरवेशी अस्वल घेऊन दारोदार यायचे. अस्वलाचा एक केस ताइतात घालून गळ्यात बांधला की पोराची भीती जाते, असं सगळे मानायचे. लहानपणी माझ्याही गळ्यात होता. गुण किती आला ते दिसतंच आहे!

दरवेशी आता येईनासे झाले होते. पण मी धुळ्याला नोकरीला, आणि त्या बाजूच्या एका गावातल्या बागेत पाच-सहा पिंजऱ्यांचं प्राणिसंग्रहालय होतं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. तिथे एक म्हातारं अस्वल होतं. नानांनी सोनाराकडून चांदीचा ताईत करून आणला आणि मला बोलावलं.

"पोरीले अस्वल दाखवाले घेऊन जाय. अन् येतानी त्याचा एक केस आन."

नाना स्वतः केळीच्या कापणीत अडकले होते. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी नानांनाही घाबरतो.

*

बागेत पहिला पिंजरा बिबट्याचा. दादाने आम्हा तिघांना त्याच्यापुढे उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि हसायला सांगितलं. आमच्या पाठीमागे बिबट्या उठला आणि त्याने मोठी जांभई दिली. आम्ही वळून बघेपर्यंत दादा गेटजवळ पोचला होता!

रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत फक्त आभाळ आणि फ्लास्कचा पट्टा होता.

*

मग दादा-वहिनी सोनलला घेऊन माकडांकडे गेले आणि मी अस्वलाकडे. अस्वल गजांना पाठ टेकून बसलं होतं. काळे केस गजांतून चांगले बोटभर बाहेर आले होते. राखणदार तिथेच विडी ओढत होता. त्याला हळूच कारण सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

"हाऊ म्हतारा शे भाऊ, काही करस नही," तो म्हणाला आणि पाण्याची बादली घेऊन निघून गेला.

मी हात पुढे केला. बोटं केसांना लागणार तेवढ्यात अस्वलाने सुस्कारा सोडला. नुसता सुस्कारा हो! माझी एक चप्पल तिथेच राहिली आणि मी माकडांच्या पिंजऱ्यापलीकडच्या तिकीटखिडकीच्या मागे सापडलो. तिथे राखणदाराची काळी शेळी बांधलेली होती.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. शेळीच्या पाठीचे दोन केस उपटले आणि कागदात गुंडाळले.

नानांना मोतीबिंदू. त्यांनी केस चिमटीत धरून कपाळाला लावले, ताइतात घालून मेणाने तोंड बंद केलं आणि ताईत काळ्या दोऱ्यात ओवून सोनलच्या गळ्यात बांधला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी पाल दिसली, तेव्हा पुन्हा किंचाळली. नाना म्हणाले, गुण यायला वेळ लागतो.

*

जुलैत ती मंडळी परत गेली आणि ऑगस्टात कुवेतमध्ये सैन्य घुसलं. फोन लागेना, पत्र येईना. नाना दिवसभर रेडिओला कान लावून बसायचे. कोणी विचारलं की एकच उत्तर.

"पोरीपाशी ताईत हाये."

रविवारी घरी आलो की हे ऐकून मी उठून गोठ्यात जायचो. त्या पोरीपाशी काय आहे ते मला एकट्याला माहीत होतं. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही.

*

सप्टेंबरात तिघं परत आली. वाळवंटातून बसने, मग सरहद्दीपलीकडे तंबूत बारा दिवस, मग विमानाने मुंबई. दादा निम्मा झाला होता. ओट्यावर बसून त्याने तांब्याभर विहिरीचं पाणी तसंच पिऊन टाकलं, आणि तेव्हा मला त्याच्या दंडावर काळा दोरा दिसला. ताईत तिथे होता.

सोनल गोठ्याबाहेर, म्हशीपासून चांगली चार हात लांब उभी होती. ताईत बाबांना का दिलास, मी विचारलं.

"बाबा तिकडे खूप घाबरायचे. रडायचे पण. म्हणून मी त्यांना बांधला."

"आणि तुला नको होता?"

तिने मागे वळून ओट्याकडे पाहिलं. दादा ऐकत नाही याची खात्री करून घेतली. मग माझ्या कानाशी आली.

"तुम्ही शेळीचे केस उपटले ते मी बघितलं होतं, काका. बाबांना कुठे माहीत होतं?"