पायरीखालचा बा

"बा," मुनीम म्हणाला. माझे वडील पायरीपर्यंत आले.

"होगु." ते मागे गेले.

"बा." ते पुन्हा आले. डोक्यावर चादरींची गाठ.

बैठकीवरचे पाहुणे हसले. मुनीम पंचविशीतला. वडील पन्नाशीचे.

सोलापुरातली चादरींची पेढी. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची दिवाळी, वहीपूजनाचा दिवस. अक्कलकोटकडचं गाव सोडून आम्ही शहरात आलो होतो. वडील पेढीवर हमाल. मी मॅट्रिक झाले होते. चादरींच्या घड्या घालायला मला घेणार होते, म्हणून त्या दिवशी मीही तिथं गेले.

कन्नडमध्ये बा म्हणजे ये, होगु म्हणजे जा. पोराला म्हणतात, कुत्र्याला म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाला बर्री. मुनिमाला हे माहीत होतं. कन्नड पाहुण्यांना तो बर्रीच म्हणाला होता. शेठचं घर गुजराती. तिथं बा म्हणजे आई. शेठची म्हातारी आई पेढीवरच्या झोपाळ्यावर बसली होती. येणारा प्रत्येक जण 'बा' म्हणत तिच्या पाया पडत होता. आमच्या घरात बा म्हणजे बाप. कन्नडमधल्या बाचं बाकी दोन्ही शब्दांशी नातं नाही, हे मला पुष्कळ पुढं कळलं.

म्हातारी हसत नव्हती. बघत होती. तिनं थांबवलं नाही.

"होगु." वडील मागे गेले. "बा."

"बा, जाऊ नगंस," मी म्हणाले.

वडील थांबले. हसणंही थांबलं. मुनीम त्यांना म्हणाला, "पोरगी लई शिकली की रं. गप कर तिला."

वडिलांनी गाठ खाली ठेवली. माझ्या तोंडात मारली. मग गाठ उचलली आणि पायरीपर्यंत गेले. या वेळी मुनिमानं वरून त्यांनी एका हातानं पसरलेल्या धोतराच्या सोग्यात दोन लाडू टाकले.

शेठ म्हणाला, "सोमवारपासून पाठव तिला."

वडिलांनी मान डोलावली. मी नाही म्हणाले. शेठला ऐकू जाईल असं म्हणाले.

वाटेत वडिलांनी एक लाडू माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही. त्यांनी दोन्ही खाल्ले. ते सकाळपासून उपाशी होते.

सोमवारी मी गेले नाही. वडील गेले. पाठ मोडेपर्यंत त्याच हाकेला जात राहिले. मला त्यांचा राग आला नाही, असं मी लिहिणार नाही.

तशी हाक मलाही पुष्कळांनी घातली. वेगवेगळ्या भाषांत, खुर्चीवरून न उठता. मी जागची हलले नाही, हलणार नाही. काम हाक मारणाऱ्याचं आहे. त्यानं चालत यावं.