निबंधातला मधला भाग

नववीत असताना लग्न झालं आणि माझी शाळा सुटली. मुलगी कॉलेजला जायला लागली, तेव्हा मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. वय एकोणचाळीस. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात एक निवृत्त जैन शिक्षिका दुपारी समाजमंदिरात आम्हा सहा बायकांना शिकवायच्या. मला गणितापेक्षा मराठीची धास्ती जास्त होती. उपमा, रूपक, प्रस्तावना, समारोप. शब्द पाठ व्हायचे, पण हाताला काही लागायचं नाही.

बाईंनी पहिला निबंध दिला, 'अविस्मरणीय प्रसंग'. मी मुलीच्या जुन्या गाईडमधली समुद्राची सहल घोकून उतरवली. बाईंनी वाचली.

"समुद्र बघितलाय तुम्ही?"

"न्हाय, बाई."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रस्तावना म्हणजे वाचणाऱ्याला घरात घेणं. समारोप म्हणजे त्याला निरोप देणं. तुम्ही दारातनं या म्हणालात आणि दारातनंच जावा म्हणालात. मधे घरातलं काहीच दाखवलं नाही."

घरी येताना मान वर करवत नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमची म्हैस अडली. रेडकाचा एक पाय आत दुमडला होता. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. मुलीनं फोन धरला, डॉक्टर पलीकडून सांगत होते आणि मी कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ करत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हशीच्या तोंडाशी बसून तिला चुचकारत होत्या. त्यांचे हात थरथरत होते. तासाभरानं रेडकू बाहेर आलं आणि शिंकलं.

"उंदरासारखं दिसतंय बघ," आत्याबाई म्हणाल्या. मग म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत, "ही म्हंजे लोखंड हाय, लोखंड."

मी तिथंच थांबले. उंदरासारखं, ही उपमा. म्हैस म्हणजे लोखंडच, हे रूपक. महिनाभर घोकलेलं गोठ्यात उभ्या उभ्या कळलं.

तोच प्रसंग लिहिला आणि आत्याबाईंना वाचून दाखवला.

"माझं हात थरथरत न्हवतं. ते खोड."

"थरथरत होतं की, आत्याबाई."

"आसंल. पर लिवायचं कशाला?"

मी पेनाचं टोपण काढलं, पण खोडावंसं वाटेना. मग त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. झालतं तसं." बाईंनी ते वाचून खाली एवढंच लिहिलं, 'आता घर दिसलं.'

मी दहावी पास झाले, आता बारावीचा फॉर्म भरलाय. यंदा बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी मला फोन केला, "अलंकार तुम्ही घ्या." पहिल्या दिवशी मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले. एका नवीन बाईनं विचारलं, "अतिशयोक्ती म्हंजे काय वो?"

"येताना ऊन कसं होतं?"

"डोस्क्यावर भाकरी भाजंल एवढं."

"हीच अतिशयोक्ती."

सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिनं वही उघडली आणि 'अतिशयोक्ती'तलं 'क्ती' हे जोडाक्षर मला फळ्यावर मोठं काढून दाखवायला सांगितलं.