आत्याबाईंच्या कोंबड्या

लग्न होऊन मी खुटबावला आले. माहेर सणसवाडीचं, भाड्याच्या खोलीतलं. खरकटं पिशवीत बांधून गटारीकडेला टाकायचं, एवढंच मला ठाऊक. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. परसात त्यांच्या गावरान कोंबड्या होत्या आणि स्वयंपाकघरातलं काय कोंबड्यांपुढं जायचं ते आत्याबाईच ठरवत.

शिळा भात, भिजवलेली भाकरी, मेथीचा पाला, कलिंगडाची साल चालायची. बुरशी आलेली भाकरी त्या उकिरड्यात पुरायला लावत. हिरवटलेल्या बटाट्याची साल नाही, कच्चा घेवडा नाही, चहाचा चोथा नाही. एकदा मी लोणच्याचं ताट तसंच पालथं करायला निघाले, तर त्यांनी मनगट धरलं.

"खार म्हंजी कोंबडीला इख," म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण मनगट दुखत राहिलं.

आमच्यात बोलणं असं कमीच. जे होतं ते या खरकट्यावरून.

गेल्या उन्हाळ्यात मी दौंडहून बाजार करून आले, तर सगळ्या कोंबड्या पाण्याच्या थाळीला चिकटलेल्या. पीत होत्या, झोकांड्या खात होत्या, परत पीत होत्या. कैरीच्या लोणच्याची बरणी पायरीवर रिकामी पडलेली. खाली भाताची लाल शितं. आत्याबाई शेजारी बसून निवांत बघत होत्या. आज लई खाल्लं पोरींनी, असं मला कौतुकानं सांगत होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पाणी थोडं थोडं द्यायला सांगितलं, पण फार आशा ठेवू नका म्हणाले. दिवस मावळेपर्यंत एकेक करून सगळ्या गेल्या.

मालकांनी बांधाला खड्डा काढला. आत्याबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. कोंबड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"रोग आला, आत्याबाई," मी म्हणाले.

"रोग न्हाई ह्यो. खार खाल्लाय त्यांनी. तुला सांगितलं हुतं ना मी?"

मालकांनी खोरं थांबवलं. ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "चुकलं माझं."

त्या रडल्या नाहीत. घरात गेल्या आणि दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

पुढं त्यांना दवाखान्यात नेलं. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. शेजारच्या बायकांना मात्र सून कशी निष्काळजी, ते आत्याबाई बरेच दिवस सांगत होत्या. मी कुणाला काही बोलले नाही.

आता त्या ते सांगत नाहीत. कोंबड्या होत्या हेच त्यांना आठवत नाही. चुलीपाशी त्यांना एकटं सोडता येत नाही, म्हणून मी बाहेरची कामं बंद केली. दुपारी भाजी निवडताना त्या समोर बसतात आणि तू कुणाची गं, असं विचारतात.