शिंपीकाकांचा खणखणीत आवाज

शिंपीकाका दिसायला म्हणजे कपडे टांगायची खुंटी. हे ते स्वतःच सांगत. गळा मात्र आपल्याला भारी मिळालाय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. म्हणून बाजाररस्त्यावर वार्षिक उत्सव भरला, वाहनं बंद झाली, बँडवाले फुंकायला लागले, की काका दुकान बंद करून हरवले-सापडलेच्या मांडवात माईक धरून बसत. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर.

"लग्नात एवढे नटला नव्हतात," काकू म्हणायच्या.

यंदा एक आजी मांडवात आल्या. "माझा मुलगा हरवलाय."

"वय?"

"बावन्न."

काकांनी घसा खाकरून पुकारा केला. पुन्हा केला. आणखी खर्जात केला. कुणी फिरकेना.

"जरा मोठ्यानं बोला की," आजी म्हणाल्या.

हे मात्र काकांना झोंबलं. माईक शेजारी बसलेल्या काकूंच्या हाती देऊन आजींचा हात धरून ते गर्दीत शिरले. चार दुकानं ओलांडली आणि काकूंचा पुकारा ऐकू येईनासा झाला. खांबाखांबावर कर्णे होते, पण सगळे मुके. आजींचा मुलगा फुगे फोडायच्या बंदुकीला डोळा लावून उभा होता.

"आई, हरवलीस कुठं?"

"मी नाही, तू हरवलास."

काका तडक कर्णेवाल्याकडे गेले. तो खाली बघत म्हणाला, "लोक म्हणाले, तुमच्या पुकाऱ्यात बँड ऐकू येत नाही, म्हणून बाकीचे कर्णे बंद केले. तीन वर्षं झाली, काका. तुमच्यासमोरचा तेवढा चालू ठेवतो. उगाच तुमचं मन कशाला मोडा?"

तीन वर्षं आपण आपल्यालाच पुकारत होतो तर! काकांना आधी घाम फुटला, मग तिथंच खांबाला टेकून हसू फुटलं. मांडवात परतले तेव्हा काकू रंगात आल्या होत्या.

"कसा येत होता माझा आवाज तिकडं?"

काका म्हणाले, "एकदम खणखणीत."

काकूंनी माईक खाली ठेवला. "तीन वर्षं मीही तुम्हाला हेच सांगतेय."

त्या संध्याकाळी काकांनी पहिल्यांदा उत्सव पाहिला, काकूंबरोबर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बँड खरंच चांगला वाजवत होता, हे त्यांना कबूल करावं लागलं.