जिवंत माणसाला वारस नसतो

वकिलाला मी त्याच्याच ओसरीवर नकार दिला, ही गोष्ट आयुष्यभर सांगत आलो. त्याआधीची टाळली. आज तीच सांगतो.

मालवणात मी त्या वकिलाचा कारकून होतो. गाबिताचा, मासे मारणाऱ्याचा पोर, मॅट्रिक झालेला. कायद्याची लॅटिन वचनं मला पाठ. संध्याकाळी पाहुणे जमले की तो मला पायरीखाली उभा करायचा.

“म्हण रे, ऑडी आल्टेरम पार्टेम.”

मी अर्थ सांगायचो. दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यावं.

“बघा, मासळीच्या वासातून लॅटिन येतंय!”

सगळे हसायचे. मीही.

आमच्या वाडीतल्या काकीचा नवरा होडीसकट गेला. प्रेत मिळालं नाही. अशी बाई आमच्यात कुंकू पुसत नाही, वाट बघते. घर ज्या जमिनीत होतं, ती नवरा कूळ म्हणून कसायचा. आता माझं नाव लावा, असं काकीचं म्हणणं. जमीनमालकाला जमीन परत हवी होती. आमचा वकील त्याच्या बाजूचा.

काकीचा दावा खोडायला वकील अडला होता. मीच म्हणालो, “साहेब, नेमो एस्ट हेरेस व्हिव्हेंटिस. जिवंत माणसाला वारस नसतो. ती अजून कुंकू लावते.”

त्या दिवशी त्याने मला बसायला खुर्ची दिली.

कोर्टात त्याने ते वचन म्हटलं आणि काकीला मालवणीत समजावायला मला उभं केलं.

“काकी, घोव मेलो असा सांग. नायतर तुझा नाव लागूचा नाय.”

काकीने हात कपाळापर्यंत नेला. तसाच खाली आणला.

“तो मेलो म्हणान तुका कोणी सांगल्यान रे?”

घर गेलं.

संध्याकाळी ओसरीवर पाहुणे होते. वकील म्हणाला, “म्हण रे, त्या कुंकवाचं लॅटिन.”

“मी म्हणूचंय नाय.”

त्या ओसरीवर मी पहिल्यांदाच मालवणीत बोललो. नोकरी गेली. वाडीने मला डोक्यावर घेतलं. वकिलाने काकीला बुडवलं, मी त्याला सुनावलं, असं सगळे म्हणाले. मी म्हणू दिलं.

पुढे काकी कुडाळच्या बाजारात सुकी मासळी विकायची. सांगायचंच ठरवून एकदा समोर उभा राहिलो. कपाळावर कुंकू होतं.

“ये रे पुता. कोर्टात तुका बोलूक लावल्यान त्या मेल्या वकिलान. पण आमच्यासाठी तूच एकटो उभो रवलंस.”

तिने माझ्या पिशवीत सुके बांगडे घातले. पैसे घेतले नाहीत. मी बांगडे घेऊन घरी आलो.

आता काकी वारली. यापुढे कुणी माझ्या नकाराचं कौतुक करू लागला, की त्याला तिथेच थांबवणार. आणि तिला सांगायचं राहिलं ते त्याला ऐकवणार.

“काकी, ता लॅटिन वकिलाचा नाय. माझा होता.”